आटलेल्या टेपा

आमच्या गल्लीत बाईची कंबर ही काही खासगी गोष्ट नव्हती. ती इंचबाईला ठाऊक असायची. इंचबाईला ठाऊक म्हणजे तिच्या नणंदेला ठाऊक, आणि नणंदेला ठाऊक म्हणजे दुपारच्या चहापर्यंत मला. माझं बटणांचं दुकान त्यांच्या शिवणकामाच्या दुकानाच्या अगदी समोर, मध्ये सहा पावलांचा रस्ता. हुक, चेन, रीळ असं काहीतरी निमित्त काढून नणंद यायची आणि काउंटरवर कोपरं टेकून म्हणायची, "मावशी, कोणाला सांगू नका." मी कधीच कोणाला सांगितलं नाही. ज्यांना आधीच ठाऊक होतं त्यांच्याशी बोलले, इतकंच.

इंचबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. बाई बोलायचीच इंचात. "जरा सरक" नाही, "चार इंच सरक." कपात चहा अर्धा इंच कमी ओतलेला तिला कळायचा. नणंदेबद्दल तिचं मत असं होतं की हिचं नाक इतरांपेक्षा पाव इंच लांब आहे, म्हणून ते लोकांच्या दारात अडकतं. नणंद तुरपाई करता करता म्हणायची, "वहिनी, तुझी जीभ मोजली का कधी?" वीस-बावीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघींनी असं भांडण पुरवून पुरवून वापरलं.

कोणती सून आई होणार हे सुनेच्या आधी इंचबाईला समजायचं. टेप कमरेला लावली की तिची एक भुवई हलायची. तोंडाने मात्र अवाक्षर नाही. ब्लाउजच्या आत शिवणीत दोन बोटं कापड जास्त राखून ठेवायची, बस. तीन-चार महिन्यांनी ती सून लाजत लाजत ब्लाउज सैल करायला आणायची, तेव्हा कापड तयारच असायचं. सगळ्या गल्लीच्या पोटाचा अंदाज असा आधीच घेणारी बाई. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच मला अजून खरं वाटत नाही.

नवरा घड्याळवाला. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात काचेची पेटी मांडून बसायचा, डोळ्यात ते छोटं भिंग अडकवून. नाण्याएवढ्या वर्तुळाबाहेरचं त्याला तीस वर्षांत काही दिसलेलं नव्हतं. लग्नाच्या वाढदिवसाला इंचबाईने केस कापून घेतले होते, तर त्याला ते अकरा दिवसांनी कळलं, तेही नणंदेने सांगितल्यावर.

आता टेपेची गोष्ट. कापडी टेप वापरून वापरून बदलते, हे शिवणारा कोणीही सांगेल. ओढून सैल होते, वाफेच्या इस्त्रीखाली सापडली तर आटते. म्हणून ती अधूनमधून तपासावी लागते. लोक लोखंडी पट्टीवर तपासतात. इंचबाईच्या दुकानात मापाचा लोखंडी गज होता, पण तो खिडकीची झडप उघडी धरायला लावलेला असे. इंचबाई टेप तपासायची स्वतःच्या कमरेवर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुकान उघडल्या उघडल्या, बेंबीखाली दोन बोटं टेप गुंडाळायची. बत्तीस. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन परदेशी गेली, हिची कंबर बत्तीस ती बत्तीसच. "ही कंबर नाही," मी तिला चिडवायची, "हे सरकारी माप आहे. काचेच्या कपाटात ठेव." तिला ते आवडायचं. टेप बत्तीस दाखवायची तर टेप खरी. नाही दाखवली तर टेप बाद.

बाद टेपेवर ती शाईने खूण करायची, कुठे टोक येऊन मिळालं तिथे, आणि मागे तारीख टाकायची. मग ती खिळ्याला टांगायची. तयार कपड्यांचे गठ्ठे बांधायला अशा टेपा कामी यायच्या. वर्ष-दीड वर्षात एखादी.

त्या वर्षी एका महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "मावशी, नवी टेप द्या. जुनी एक इंच आटलीय." मी दिली. नव्या टेपेवर संशय घ्यायचा नाही, असा तिचा नियम होता. नवी टेप महिनाभर खरीच. पुढच्या महिन्यात पुन्हा आली. "हिने टेप इस्त्रीखाली ठेवली," ती नणंदेकडे बोट करून म्हणाली.

"मी नाही ठेवली," नणंद पलीकडून म्हणाली. "माझ्यावर काय, पाऊस पडला तरी ढकलशील."

तिसऱ्या महिन्यात बोलणं माझ्यावर आलं. "तुम्ही माल बदललात का? पूर्वीच्या टेपा अशा नव्हत्या."

"माझ्या टेपा आटतात तर लोकांचे कपडे कसे बरोबर येतात?" मी विचारलं.

"कापडही त्याच टेपेने मापते ना. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणून कळत नाही." हिशोब चोख होता. मी हसले आणि तिसरी टेप काढून दिली. माझ्या काउंटरला लेस मोजायला पितळी पट्टी ठोकलेली आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून. त्या पट्टीवर हात टेकवूनच ती पाच महिन्यांत पाच टेपा घेऊन गेली. तिने टेप पट्टीवर ठेवली नाही. मीही नाही. मला गंमत वाटत होती. गल्लीत मी सांगत सुटले होते की इंचबाईचं आणि टेपांचं वाकडं आलंय.

नणंदेने याच काळात मला आणखी एक गोष्ट सांगितली, कोणाला सांगू नका म्हणून. वहिनीच्या कपड्यांना डाग दिसला. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. विचारलं तर वहिनी म्हणाली, लाल कापडाचा रंग लागला असेल. शाळेच्या गणवेशाचं काम चालू होतं आणि त्या वर्षी गणवेशाचा बेल्ट लाल होता, हे खरं. पण बेल्टाचं कापड मी पाहिलं होतं. त्याचा रंग जात नव्हता.

"तू धुऊन बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं," नणंद म्हणाली आणि विषय बदलला. तिने विषय बदललेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

मग बाकीचं सुरू झालं. शिवताना दर अर्ध्या तासाने उठून लघवीला जायचं. कंबर भरून यायची. ओटीपोटात काहीतरी बसवून ठेवल्यासारखं जड वाटायचं. ती दुकानात कायम नाडीचा ढगळ झगा घालायची. शिंप्याच्या घरी शिंप्याचेच कपडे शेवटी शिवले जातात, त्यामुळे घट्ट काय होतंय ते कळायला काही मार्गच नव्हता. एक दिवस डाग नव्हता, भळभळ होती. खुर्चीची गादी धुवायला काढावी लागली. घड्याळवाल्याने भिंग काढलं आणि बायकोकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होता, दुर्बिणीच्या ऑपरेशनात हुशार म्हणून नाव झालेलं. इंचबाई घाबरलेली नव्हती, कारण तिच्या पोटातली गाठ जुनी ओळखीची होती. दहा वर्षांपूर्वी सोनोग्राफीत दिसली होती. गर्भाशयातली साधी गाठ, लिंबाएवढी, पुष्कळ बायकांना असते, पाळी गेली की आपोआप आकसेल, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. तरुण डॉक्टरने जुना कागद पाहिला, पिशवी आतून खरवडून तुकडा तपासायला पाठवला. तुकड्यात वाईट काही सापडलं नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पोटाला चार भोकं पाडायची, आतली गाठ यंत्राने बारीक करून त्याच भोकांतून बाहेर ओढायची, दोन दिवसांत घरी.

"आणि मशीनवर?" इंचबाईने विचारलं.

"आठ-दहा दिवसांत."

ती परत आली ती उड्या मारायचीच बाकी होती. शाळा उघडायला पाच आठवडे होते, तीनशे चाळीस गणवेश शिवायचे होते. चौकात तयार कपड्यांचं मोठं दुकान झालं होतं आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेला ते वरचेवर भेटीला बोलवत होते. या वर्षी उशीर झाला तर पुढच्या वर्षी शाळा नाही, आणि शाळा नाही तर दुकान नाही. "चार भोकं," ती मला म्हणाली. "चार बटणांची काजं समजा."

ऑपरेशनच्या आधी सगळे कागद दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचे असत. नणंद दुकान सांभाळत होती, घड्याळवाला रक्ताच्या बाटलीच्या रांगेत उभा होता, म्हणून इंचबाईबरोबर खोलीत मी गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. मला अशी माणसं आवडत नाहीत, त्यांच्याकडून काही निघत नाही. त्यांनी तिला झोपवून पोट हातांनी चाचपलं. बराच वेळ चाचपलं. मग विचारलं, "पोट इतक्यात वाढलंय का?"

"नाही," इंचबाई म्हणाली. "माझं माप बत्तीस आहे. तीस वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून टेप घेतली आणि लावली. "साडेअडतीस."

"तुमची टेप आटलीय," इंचबाई म्हणाली.

मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू. आणि हसता हसताच मी म्हटलं, "हिच्याकडे सगळ्याच टेपा आटतात, डॉक्टर. पाच महिन्यांत पाच नेल्यात माझ्याकडून." बोलताना मला माझंच वाक्य ऐकू आलं. हसू अर्ध्यातच थांबलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "त्या टेपा आहेत का अजून?"

नणंदेला फोन केला. तासाभरात ती धापा टाकत आली, हातात खिळ्यावरच्या टेपा, त्यातल्या दोन गठ्ठ्यांना बांधलेल्या, त्या सोडवून आणलेल्या. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेवर मापं घ्यायची स्टीलची पट्टी काढली आणि पहिली टेप तिच्यावर अंथरली. पट्टी फूटभरच, त्यामुळे टेप सरकवत सरकवत मोजावी लागत होती. पहिली टेप बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीला इंचबाई उठून आली आणि पट्टी त्यांच्या हातातून घेतली. उरलेल्या तिन्ही तिनेच मोजल्या. मग पहिल्या दोन पुन्हा मोजल्या. कुठेही एक रेघसुद्धा इकडची तिकडे नव्हती.

मग डॉक्टरीणबाईंनी टेपा तारखेने लावल्या आणि शाईच्या खुणा वाचल्या. तेहतीस. चौतीस. साडेचौतीस. छत्तीस. साडेसदतीस. आणि आजचं साडेअडतीस.

 बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारत होते.

"पाळी गेली की साधी गाठ आकसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची वाढतेय. पाळी गेल्यावर रक्त जातंय. दोन्ही गोष्टी मला आवडलेल्या नाहीत."

"पण तुकडा तपासला ना. त्यात काही नव्हतं."

"तो तुकडा पिशवीच्या आतल्या अस्तराचा. मला भीती आहे ती भिंतीच्या स्नायूची. तिथे असलं तर अस्तर खरवडून पुष्कळदा सापडत नाही. असली गाठ हजारांत एखादीची निघते, मी म्हणत नाही की तुमची तीच आहे. पण ती बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहीपर्यंत खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ती आत बारीक करायची नाही. पोट उघडून, पिशवी अख्खी बाहेर. चीर मोठी असेल, सहा आठवडे मशीन बंद."

"सहा आठवडे," इंचबाई म्हणाली. तिने शाळेचं सांगितलं, गणवेशांचं सांगितलं, चौकातल्या दुकानाचं सांगितलं. चार भोकांतून केलं तर काय बिघडेल, तेही विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साधी असली तर काही नाही बिघडणार. वाईट असली आणि आत फोडली, तर तिचे कण पोटभर पसरतील. मग ते मला वेचता येणार नाहीत."

एकदा माझ्या दुकानात बारीक काचमण्यांची बरणी फुटली होती. इंचबाई आणि नणंद दोघी गुडघ्यांवर बसून वेचायला मदत करत होत्या. त्यानंतर दोन वर्षं मला मणी सापडत होते, फळीच्या फटीत, वहाणेत, एकदा तर चहाच्या कपात. तिने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की तिला तेच आठवलंय.

"अख्खी काढा," ती म्हणाली.

गणवेश नणंदेने अंगावर घेतले. घड्याळवाल्याने पेटी बंद करून काजं केली. इतकी बारीक काजं त्या शाळेने आधी पाहिली नव्हती. मी बटणं लावली. एकवीस गणवेश कमी पडले.

ऑपरेशन लांबलं. पिशवी, तिचं तोंड, दोन्ही बीजकोश, सगळं न फोडता काढलं. डॉक्टरीणबाईंनी घड्याळवाल्याला ट्रेमध्ये दाखवलं. तो नंतर मला म्हणाला, साधी गाठ कडक असते म्हणतात, चेंडूसारखी. ही मऊ होती, मांसासारखी, आणि मध्ये मध्ये मेलेली. एवढं लांब वाक्य तो माझ्याशी पूर्वी कधी बोलला नव्हता.

दहा दिवसांनी कागद आला. स्नायूचा कॅन्सर. सार्कोमा हा शब्द नणंदेने मला दुकानात येऊन सांगितला. त्या दिवशी ती कोणाला सांगू नका म्हणाली नाही. छातीचा आणि पोटाचा सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. म्हणजे रोग पिशवीतच होता आणि पिशवी अख्खी बाहेर होती. आम्हाला वाटलं, झालं. डॉक्टरीणबाईंना तसं वाटत नव्हतं. हा रोग रक्तातून फिरतो, फुप्फुसात जाऊन बसतो, त्या म्हणाल्या. सगळं नीट काढूनही निम्म्या बायकांमध्ये परत येतो. आता लगेच औषधं दिली तर तो टळेलच असं कोणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन करायचा, आणि लक्ष ठेवायचं.

"लक्ष ठेवायचं म्हणजे मी काय करायचं?" इंचबाईने विचारलं.

"श्वास लागला, खोकला राहिला, वजन उतरलं, तर तीन महिने थांबायचं नाही."

ती मशीनवर परत बसली. पोटावर उभी चीर, बेंबीपासून खाली, सात इंच. तिने मोजली होती. नणंदेला म्हणाली, "टाके बघ कसे घातलेत, तुझ्यापेक्षा सरळ." पहिला स्कॅन चांगला. दुसरा चांगला. पहिल्या सोमवारी टेप लावायची ती आता माझ्या दुकानात येऊन, आधी पितळी पट्टीवर अंथरून, मग कमरेला. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. मी म्हणायची, सरकारी माप परत आलं. गल्ली हसायची. मी मात्र हसताना तिच्या छातीकडे बघायची, ती किती वेळाने श्वास घेते ते.

तिसऱ्या स्कॅनला उजव्या फुप्फुसात दोन ठिपके होते. तांदळाच्या दाण्याएवढे. खोकला नव्हता, काही नव्हतं.

मग औषधं सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी, शिरेतून. एक औषध लालभडक. ते नळीतून उतरताना मी शेजारी बसले होते. इंचबाई बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिली. नर्सला म्हणाली, "याचा रंग जातो का हो?"

"लघवीला लाल होईल दोन दिवस. घाबरू नका, ते औषध असतं."

"बरं झालं सांगितलंत," इंचबाई म्हणाली. "मी नाहीतर कापडावर ढकललं असतं."

नणंद भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. केस गेले, ते घड्याळवाल्याला त्याच दिवशी कळले. शाळेचं काम अर्धं चौकातल्या दुकानाकडे गेलं, अर्धं राहिलं. मुलगी परदेशातून महिनाभर येऊन गेली. चार वेळा औषध झाल्यावर स्कॅन करून बघायचं ठरलं होतं, ठिपके आकसलेत की वाढलेत. स्कॅनची तारीख गुरुवारची होती. त्याआधीचा सोमवार महिन्यातला पहिला होता.

मला वाटलं होतं ती येणार नाही. सकाळी साडेनऊला रस्ता ओलांडून आली, मध्ये एकदा थांबून. डोक्याला रुमाल, गळ्यात टेप, तीस वर्षं होती तशी. काउंटरला टेकून तिने श्वास घेतला. झगा सैल करून टेप कमरेला गुंडाळली, अंगठा धरला आणि वाकून पाहिलं.

 मी समोर होते, मला दिसलं. साडेएकोणतीस.

आता मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितलेली बाई. तोंडात एक वाक्य तयारच होतं, आणि ते बाहेर पडलं. "टेप सैल झालीय ही. थांब, नवी देते."

मी खण उघडला. मागे वळले तर तिने टेप कमरेवरून काढून माझ्या पितळी पट्टीवर अंथरली होती. दोन्ही हातांनी सरळ केली. पट्टी दोन फुटांची, म्हणून पहिले चोवीस इंच आधी, मग पुढचं सरकवून.

"बघा," ती म्हणाली.

मी पाहिलं. रेघेला रेघ.

"माल चांगला आहे तुमचा, मावशी. उगाच नावं ठेवली." तिने माझ्या पेनाने टेपेवर खूण केली, मागे तारीख टाकली आणि टेप गुंडाळून झग्याच्या खिशात टाकली. "ही गुरुवारी डॉक्टरीणबाईंना द्यायची. या वेळी त्यांना मागायला नको."

मी खण उघडाच ठेवून उभी होते. ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"नवी पण द्या एक," ती म्हणाली. "पुढच्या पहिल्या सोमवारी लागेल."